हॉलंडमधली पहिली धार

आज मुरघासाचा, म्हणजे गुरांसाठी मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा उघडला आणि त्या आंबूस वासासरशी मी थेट हॉलंडमधल्या हेन्कच्या गोठ्यात जाऊन पोहोचले. वीसेक वर्षांपूर्वी शेतीच्या अभ्यासासाठी मी शिरूरहून तिकडं गेले आणि हेन्क-मारिया या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी राहिले. दोघं फार प्रेमळ, पण मला कशालाच हात लावू देत नसत. पहिला आठवडा मी पाहुणीसारखी खुर्चीत बसून काढला.

मग एका सकाळी एक पहिलारू, नुकतीच पहिल्यांदा व्यालेली गाय दूध काढायचं मशीन लावू देईना. नुसत्या लाथा झाडत होती. हेन्कनं माझ्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि तो बाजूला झाला. मी विचारत बसले नाही. बाह्या सरसावल्या, कोमट पाण्यानं तिची कास पुसली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हो बाई, हो. काय न्हाई व्हत." ती थरथरली, मग हळूहळू शांत झाली. बादलीत पहिली धार वाजली तशी मारियानं दारातूनच टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या मापाचे रबरी बूट आले.

गावी वडिलांना, आबांना, फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजी इमानानं एवढं लांब जाऊन तिथंबी धारच काढली व्हय?"

"व्हय आबा, आन् झकास काढली!"

ते घर मी जिंकलं, याच तोऱ्यात मी कितीतरी वर्षं होते. आता माझ्या गोठ्यावर कॉलेजच्या मुली शिकायला येतात, बुजून कोपऱ्यात उभ्या राहतात, तेव्हा उमगतं. जन्म गोठ्यात घालवलेल्या हेन्कला हातानं धार काढता येत नव्हती थोडीच! त्यानं मला जागा करून दिली होती.