मुनीर डाक्टरचं बोट

सरकारी दवाखान्यात जिंदगी काढली की किस्से उकिरड्यासारखे साचतात. नातवंडं म्हणतात, आजोबा, हसवणारं सांगा. हसवणारं न्हाई माझ्याजवळ. भ्यालेलं सांगतो.

निजामाच्या राज्यात पाथरीच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. हैदराबादचे मुनीर डाक्टर, लिंगायताचा शिवलिंगअप्पा कंपाउंडर आन् मी, एवढाच कारभार. पेनिसिलीन आमच्याकडं पोचलं नव्हतं. आताच्यांना शिंक आली की गोळी लागते. तवा साधं गळू झालं तरी माणूस जायचा.

*

पालमच्या एका गाडीवानाच्या मांडीवरचं गळू फोडताना त्यानं लाथ झाडली. सुरी डाक्टरच्या बोटात गेली. डाक्टरनं बोट स्पिरिटात बुडवलं आन् आधी त्याचं गळू पुरं साफ केलं.

"साहेब, लागलं का तुमाला?" गाडीवानानं विचारलं.

"तेरा जहर मेरेकू लगा. तू जा आराम से."

गाडीवान हसत गेला. डाक्टर हसले न्हाईत.

*

दुसऱ्या दिवशी बोट लालबुंद, तट्ट सुजलेलं. मी गार पाण्याची पट्टी आणली.

"सूज उतरवतो, साहेब."

"उतारो मत. फौज आ रही."

मला वाटलं ताप डोक्यात गेला. तर त्यांनी आम्हाला मायक्रोस्कोपजवळ बोलावलं. काचेवर दुसऱ्याच एका पेशंटचा पू, त्यात निळा रंग. गोल गोल काहीतरी, पोटात बारीक ठिपके. गोल ते आपले शिपाई, ठिपके ते जंतू, असं डाक्टरनं सांगितलं. शिपाई जंतूला गिळतात, पोटात जिरवतात आन् मग स्वतः मरतात.

अप्पा लय चिकित्सक. "परका हाय हे वळखतात कसं, साहेब?"

"चमडी से. जंतू की चमडी अलग. अपने बदन में वैसी किसी की नहीं."

"म्हंजी पू म्हंजी मेलेले शिपाई?"

"और क्या."

अप्पानं मायक्रोस्कोपवरनं डोळा काढला आन् परत लावला.

*

त्याच आठवड्यात वालूरचा एक म्हातारा आला. पायात काटा मोडलेला. पाय ना लाल, ना सुजलेला, ना पू. लेक खूश. "बगा डाक्टरसाब, कशी कोरडी जखम हाय. बाबाचं रगतच चांगलं."

डाक्टरनं पाय दाबून बघितला. गार होता. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "अंदर कोई सिपाही उठाच नहीं."

दुसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

तिथून डाक्टर मला घडीघडी बोट दाखवायचे. "लाल है ना?"

"हाय, साहेब."

लाल हाय म्हणल्यावर जिवात जीव येणारा माणूस मी तो एकच बघितला.

*

मग लाली बोटातनं निघाली. मनगटावरून एक रेघ वर चढायला लागली. डाक्टरनं टाक घेतला आन् कोपराच्या खाली शाईनं आडवी खूण केली.

"यहाँ तक आई तो परभणी जाना. हाथ काटेंगे."

"मग आताच चला की. वाट कशाची बघायलाय?" मी वरडलोच.

"लड़ने दो," म्हणाले. पण दात वाजत होते. अंग तव्यासारखं. मी कपाळावर ओली पट्टी ठेवली ती त्यांनी काढून फेकली. "बुखार उनकेच काम का है."

हात गेला तर डाक्टर कशाचा? आन् जीव गेला तर? अप्पा बाहेर ओट्यावर गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसला होता. मी त्याच्यावरही खेकसलो.

लाल रेघ शाईला टेकली.

तिथंच थांबली.

*

दोन दिवसांनी बोटाच्या टोकाला पिवळं तोंड आलं. डाक्टर सांगत गेले, अप्पानं सुरी लावली. वाटीभर न्हाई, पण बराच पू निघाला. डाक्टर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. ताप उतरायला लागला होता.

घाण कापूस रॉकेल टाकून जाळायचा, हा दवाखान्याचा कायदा. मी काडेपेटी शोधायलो तर कापूस जागेवर न्हाई. खिडकीतनं बघितलं, अप्पा मागं लिंबाखाली कुदळ मारायलाय.

डाक्टर उठून खिडकीशी आले. "अप्पा, जलाने को बोला था ना?"

अप्पानं कुदळ थांबवली. "तुमच्यासाठी मेलेत, साहेब. आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात."

डाक्टरनं पट्टी बांधलेल्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाले, "हमारे में भी. जरा गहरा खोदो."