पलंगाभोवतीची घरसभा

मी आत शिरले तेव्हा माझ्या पेशंटच्या ऑपरेशन झालेल्या पायाशेजारी, पलंगावरच, बाजाची पेटी ठेवलेली होती. पलंगाभोवती अकरा माणसं बसली होती आणि माझ्या खुर्चीवर शिऱ्याचं पातेलं होतं. "या मॅडम, शेवटचंच गाणं हाय," त्यांच्यातल्या रुथबाई म्हणाल्या. शेवटच्या गाण्याला सहा कडवी होती.

मी फिजिओथेरपिस्ट. हिंजवडीपासून मुठ्यापर्यंत स्कूटरवरून घरोघरी फिरते आणि ऑपरेशन झालेल्या लोकांना चालतं करते. हे पेशंट नेरे गावातले फिलिप गुरुजी, वय एकाहत्तर, रिटायर्ड शिक्षक. अंगणात पाय घसरला आणि खुबा मोडला. सर्जनने मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून धातूचा बसवला आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं. या ऑपरेशननंतर पायावर वजन टाकायचंच असतं. टाकलं नाही तर स्नायू वाळतात, सांधा आखडतो, छातीत कफ साठतो आणि माणूस कायमचा पलंगाला लागतो. हे मी पाच आठवडे सांगत होते. गुरुजी अतिशय लक्ष देऊन ऐकत आणि काहीही करत नसत.

त्यांना वेळच नव्हता. त्यांच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, आसपासची कुटुंबं दर गुरुवारी घरसभा भरवतात. प्रार्थना, गाणी, कोणाचं काय अडलंय ते बोलायचं, एकमेकांना धीर द्यायचा. दर आठवड्याला नवं घर, पाळीपाळीने. गुरुजी पडल्यावर सगळ्यांनी मोठ्या प्रेमाने ठरवलं, की ते बरे होईपर्यंत सभा त्यांच्याच पलंगाभोवती. बाकीचे सहा दिवस डबे. कोणाचा डबा कधी, याचा कागद फ्रिजवर चिकटवला होता. माझा व्यायामाचा कागद त्याच्या मागे गेला होता. वॉकरवर टॉवेल वाळत असत. येणारा प्रत्येक जण तेच उत्तेजन देई: गुरुजी उठू नका, गुरुजी घाई नको, आम्ही आहोत ना. इतका धीर मिळाल्यावर कोण कशाला उठेल? मांडी बारीक होत गेली आणि पोट वाढत गेलं.

त्या दिवशी गुरुजींच्या बायकोने, शांताबाईंनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांना कमरेतून नीट उभं राहता येत नव्हतं. गुरुजींना उचलून बसवायचं काम त्यांचंच होतं, कारण उचलायची पाळी कोणत्याच कागदावर नव्हती. "मला न्हाई आता झेपत," त्या हळूच म्हणाल्या, "पण एवढी मायेची माणसं, त्यांच्यापुढं बोलू कसं?"

मला फार राग आला. बाहेर येऊन मी रुथबाईंना गाठलं. घरसभेचा सगळा कारभार रुथबाई बघतात. सभा इथे भरवणं बंद करा, असं मी सरळ सांगितलं.

"आजाऱ्याला भेटायला जा असं आमाला शिकवलंय, मॅडम. त्याला टाकून द्यायचं व्हय आमी?"

"भेटा ना. पण त्याला आजारीच ठेवा, असंही शिकवलंय का?"

रुथबाईंनी पातेलं उचललं आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी कोणी आलं नाही. डबेही थांबले. शांत खोली, रिकामी खुर्ची, फ्रिजवर माझा कागद सगळ्यांत वर. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. अडथळा शोधला, दूर केला, आता पेशंट सुधारणार. पुस्तकात असंच असतं.

पेशंटने पुस्तक वाचलेलं नव्हतं. गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. आधी निदान माझ्यासमोर तरी पाऊल वरखाली करायचे, तेही सोडलं. जेवण निम्म्यावर आलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच पेट्रोल जाळता." त्यांची अकरा माणसं मी एका वाक्यात घालवली होती आणि त्यांच्या जागी ठेवायला माझ्याकडे एक छापील कागद होता. घरी जाताना मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच रुथबाई आल्या. एकट्याच. माझ्याकडे बघितलं नाही. गुरुजींच्या पायाशी बसून इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाल्या, की मार्था दार उघडत नाही.

मार्था म्हणजे त्यांच्यातलीच एक, हिंजवडीत कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. गुरुजी पडायच्या महिनाभर आधी तिचा नवरा गेला. ती सभेला यायची बंद झाली होती, आता कामावरही जात नव्हती.

"काल खिडकीतून बोलली," रुथबाई म्हणाल्या. "म्हणली, ह्यांच्या मागं पयल्यांदाच माझ्याकडं सभा व्हायची हुती. घर सारवल्यावानी पुसून ठेवलं हुतं. तर तुमी सगळी गुरुजींकडं गेलात, ती गेलातच."

गुरुजींनी भिंतीकडचं तोंड वळवलं. "मी पडल्यानंतरची सभा मार्थाकडे होती?"

रुथबाईंनी मान डोलावली. मग गुरुजींनी मला विचारलं, मार्थाच्या खोलीला पायऱ्या किती. मला काय माहीत? रुथबाईंनी सांगितलं, सोळा. नेऱ्यातल्या एका बागायतदाराने जमीन विकून बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, ती वरच्या मजल्यावर राहते.

"आधी तो टॉवेल काढा वॉकरवरचा," गुरुजी म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मी फारसं काही केलं नाही, फी मात्र घेतली. काम परत आलेल्या मंडळीने केलं. डब्यांच्या कागदाच्या जागी उभं करायच्या पाळ्यांचा कागद आला. गुरुजी एक कडवं संपेपर्यंत वॉकर धरून उभे राहत. रुथबाई कडवी मुद्दाम लांबवत. उंबऱ्याशी पायरीचा सराव चालू झाला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, म्हणजे वजन चांगल्यावर पडतं. कॉलेजात आम्ही हे 'चांगले वर, वाईट खाली' असं पाठ केलं होतं. ते ऐकून रुथबाई प्रथमच माझ्यावर खूश झाल्या. त्यांना वाटलं, मॅडमना अखेर धर्मातलं काहीतरी कळलं.

चौथ्या गुरुवारी गुरुजी निघाले. मार्थाच्या जिन्यात एका हातात काठी, एक हात कठड्यावर, मागे एक पायरी खाली मी आणि माझ्यामागे अकरा जण. निम्म्यावर ते थांबले. पाय थरथरत होता. मी परत फिरायचं म्हणणार होते, पण मागून रुथबाई म्हणाल्या, "आठ झाल्या, गुरुजी. आठ ऱ्हायल्या." उठू नका म्हणणारं त्यात कोणीच नव्हतं.

सोळाव्या पायरीवर त्यांनी काठीनेच दार वाजवलं. बऱ्याच वेळाने ते उघडलं. मार्था त्यांच्याकडे बघतच राहिली. "गुरुजी, असल्या पायानं तुमी कशाला आलात?"

गुरुजींना धाप लागली होती. "माझ्याच्याने एकट्याने प्रार्थना होईना," ते म्हणाले. "आत घेतेस का?"

ती दारातच रडायला लागली. मीही रडले, पण मी गुरुजींच्या मागे आणि बाकी सगळ्यांच्या पुढे होते त्यामुळे ते फक्त तिलाच दिसलं.

मी त्यांच्या मंडळीतली नाही आणि त्यांच्या प्रार्थनेने पाय बरा होतो का, यावर माझं मत कोणी विचारलेलं नाही. तुम्हाला बघणारं घरात कोण आहे, हे मी नव्या पेशंटला पहिल्या भेटीत विचारतेच. आता त्यापुढे हेही विचारते, की तुमची वाट बघणारं बाहेर कोण आहे. नातेवाइकांना प्रश्न आगाऊ वाटतो. पण ज्यांना एखादं नाव चटकन सुचतं, त्यांना मी महिनाभरात उठवते. ज्यांना सुचत नाही, त्यांच्याकडे मी अजून जातेय.