सातव्या माळेचा दिवा

त्या वर्षी नवरात्रात मी देवीवर रुसले होते. अकोल्यातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं, आणि मग सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिकं, एम.एस्सी.च्या मुलांचे प्रकल्प, परीक्षेची पर्यवेक्षणं, आणि यातून जे काही उरेल ते माझ्या प्रबंधाला, असं सुरू झालं. उरत काहीच नसे. भरीस भर म्हणजे मुलांना उमेद देण्याचं कामही माझ्याच गळ्यात होतं. ‘जिद्द सोडू नका’ असं वर्गात ठासून सांगायचं आणि घरी येऊन स्वतःच्या अर्धवट प्रकरणांकडे पाठ करून बसायचं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी माझ्याकडे बघूनच केली असावी.

आमच्या घरी घट बसतात. नऊ दिवस अखंड दिवा तेवत ठेवायचा, घराला कुलूप लावायचं नाही आणि तेल घरच्याच माणसाने घालायचं, ही सासूबाईंची शिस्त. आदल्या वर्षी त्या गेल्या आणि दिवा माझ्याकडे आला. नवरा नोकरीनिमित्त नागपूरला. पहिल्या वर्षी नऊ दिवस रजा टाकून कसंबसं निभावलं. या वर्षीही रजा टाकली होती, पण अमरावतीहून माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. प्रबंध सादर करण्याआधीचं सेमिनार सातव्या माळेच्या दिवशी दुपारी ठरलं होतं. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. “मॅडम, आता पुढची तारीख नाही. तुम्ही आला नाहीत तर नोंदणी रद्द होईल,” सर म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, हताश होता, आणि तेच मला जास्त लागलं.

नवऱ्याने रजा मागितली, मिळाली नाही. शेजारी ज्यांच्याकडे घट होते त्या आपापल्या दिव्याशी बांधलेल्या, आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना सांगायला माझंच मन धजेना. खरं सांगायचं तर मला कुणावर काही सोपवता येतच नाही. मुलांच्या प्रकल्पातले स्वल्पविरामसुद्धा मी स्वतः तपासते. देवीपुढे बसून मी म्हटलं, “आई, तुझी सेवा करायची म्हणून माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार असेल, तर हा कुठला न्याय?” सातव्या माळेच्या सकाळी मी सरांना ‘येऊ शकत नाही’ असं कळवायचं ठरवलं आणि फोन हातात घेऊन रडत बसले.

तेवढ्यात दार वाजलं. दारात एक अनोळखी बाई उभी होती. डोक्यावर पदर, काखेत फडक्यात बांधलेली झेंडू-शेवंतीची फुलं.

“मॅडम, मी पूजाची माय. तेल्हाऱ्याहून आलो. वावरातले फुलं आनले तुमच्या घटाले.”

पूजा माझ्या हाताखाली प्रकल्प करणारी मुलगी. उन्हाळ्यात तिने शिक्षण सोडायचं ठरवलं होतं. मी रोज फोन करून, कधी रागावून तर कधी गोडीने तिला परत आणलं होतं. तिच्या आईला मात्र मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या आत आल्या, देवीला नमस्कार केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“कावून रडून राहिल्या जी?”

अनोळखी माणसाजवळ मन मोकळं होतं ते असं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, फुलांची गाठ सोडली आणि घटासमोर मांडी घातली.

“जा तुमी. मी बसतो दिव्यापाशी.”

“ताई, पण आमच्यात तेल घरच्याच माणसाने घालायचं असतं.”

“माया पोरीले तुमी घरच्यासारखं धरलं, तवा मी इचारलं काय? देवी काय आडनाव पायते तेल घेताना? उठा, गाडी चुकन.”

मी उठले. कशी उठले ते आजही सांगता येत नाही. तेलाची बाटली त्यांच्यापुढे ठेवली, साडी बदलली आणि स्टेशन गाठलं. अमरावतीपर्यंत खिडकीबाहेर कपाशीची शेतं सरकत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त वात होती. विभागाच्या पायऱ्या चढताना मात्र मी मनात म्हटलं, ‘अंबाबाई, दिवाही तुझा आणि मीही तुझी. मला आता दोन्ही सांभाळवत नाही.’ त्यानंतर मन विलक्षण शांत झालं. सेमिनार चांगलं झालं. अडवणारे प्रश्न आले, आणि जिथे उत्तर माहीत नव्हतं तिथे ‘माहीत नाही’ असं मी पहिल्यांदाच न घाबरता म्हणाले. सरांनी बाहेर येऊन पाठ थोपटली.

संध्याकाळी घरी आले. दिवा तेवत होता, घटावर शेवंतीची माळ झुलत होती. पण पूजाच्या आईचे डोळे सुजले होते.

“मॅडम, दिवा गेला होता. दुपारी काजळी काढाले गेलो अन् इझला. मीच लावला पुन्हा. तवापासून पानी बी नाई घेतलं मी. तुमचं काई वाईट त नाई झालं?”

त्या बोलल्या नसत्या तर मला कधीच कळलं नसतं. एरवी माझ्या तोंडातून कदाचित वेडंवाकडं निघालं असतं. त्या क्षणी मात्र मला फक्त त्यांचे कोरडे पडलेले ओठ दिसले. मी त्यांना पाणी दिलं, साबुदाण्याची खिचडी टाकली आणि आम्ही दोघी देवीसमोरच जेवलो.

“ताई,” मी म्हटलं, “विझला तो माझा होता. तुम्ही लावला तो देवीचा.”

त्यांना ते पटलं की नाही कुणास ठाऊक, पण त्या हसल्या. दिवा का विझला, दुपारी नेमका केव्हा विझला, याचा मी कधी हिशोब मांडला नाही. माझ्या जागरणावर देवीचं राज्य चाललेलं नाही एवढं मात्र कळलं, आणि त्या कळण्यात अपमान नव्हता, सुटका होती. पुढे प्रबंध सादर झाला, पदवीही मिळाली. त्याबद्दल देवीचे उपकार आहेतच. पण तिने त्या दिवशी मला पदवीपेक्षा मोठं काही दिलं. घरात दिवा परक्या हाती सोपवून, शेवटच्या उजेडात गाडीने परत येताना, मी कितीतरी वर्षांनी डोळे मिटले होते आणि मला गाढ झोप लागली होती.