हळद लागलेले बांबू

मॅडम कुणाच्या घरी गेल्या की बेल वाजवायच्या नाहीत. बोटं मिटून दारावर टकटक करायच्या आणि दाराला कान लावून उभ्या राहायच्या. आतून माणूस यायचा, तरी त्यांचं लक्ष दाराकडेच.

"सागवान आहे, पण ओलं असतानाच बसवलं. पावसाळ्यात फुगते न?"

माणूस आधी चकित व्हायचा. मग म्हणायचा, "हो, फुगतं. पण आपण कोण?"

ही टकटक त्या सगळ्यावर करत. खाट, बैलगाडीचं जू, दवाखान्यातला बाक. एकदा माझ्या डोक्यावरही केली. "भरीव आहे," म्हणाल्या, "पण आवाज काऊन निघत नाई वं?" टरबूज मात्र त्यांना कधी जमलं नाही. बाजारात दहा टरबुजं वाजवून त्या जे निवडत, ते आतून हमखास पांढरं निघायचं. "फळ खोटं बोलते. लाकूड नाई बोलत," असं म्हणून त्या ते पांढरं टरबूज मीठ लावून संपवायच्या.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं लाकूड टिकवण्याचं छोटं केंद्र होतं. लाकडाचंच शास्त्र शिकलेल्या, बरीच वर्षं तेच शिकवलेल्या. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून हे उभं केलं. मी तिथे बांबूच्या बांधकामांचे नकाशे काढायला लागले. मी इंग्रजी शाळेतली. घरी 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं की आई डोळे वटारायची, शाळेत मराठी बोललं की बाई. त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं सोपं पडायचं, आणि पुढे तीच सवय झाली. तुम्हीही अशी एखादी मुलगी पाहिली असेल, जी चहा हवा की नको हेही मान हलवून सांगते.

मॅडमना ते चालायचं नाही. "मान हलवल्याचा आवाज मले ऐकू येत नाई. तोंडानं सांग."

चंद्रपूरकडून बांबूचा ट्रक यायचा. तो वाटेत जाम गावी चहासाठी थांबला की ड्रायव्हर फोन करायचा आणि मॅडम बांबू बुडवायच्या टाक्या धुवायला घ्यायच्या. बांबू भुंग्याला का आवडतो, हे त्या प्रत्येक येणाऱ्याला सांगत. बांबूच्या पोटात पिठूळ गोडवा असतो. भुंगा तो खात आत शिरतो आणि वर्षभरात खाली पिठाचा ढीग पडतो. म्हणून बांबू थंडीत तोडायचा, तेव्हा गोडवा कमी असतो. मग टाकणखार आणि कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर पाण्यात विरघळवून त्यात तो बुडवून ठेवायचा.

पण नुसता बुडवून भागत नाही. बांबूची बाहेरची साल काचेसारखी, तिथून काही आत जात नाही. आत प्रत्येक गाठीला पडदा असतो. लांब सळई घालून ते पडदे फोडावे लागतात, तेव्हा औषध पोटात पोचतं. हे काम मॅडम स्वतः करायच्या. सळई आत गेली की 'फट' असा आवाज यायचा आणि मॅडमचा चेहरा लहान पोरीसारखा व्हायचा. "फुटला! आता पी, किती पेतं ते!"

आंजीच्या पुढच्या एका गावात भाजी पिकवणाऱ्या बायकांचा गट होता. पहाटे तोडलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक गाडी येईपर्यंत उन्हात सुकायचा. त्यांना भाजी निवडायला, बांधायला शेड हवं होतं. गावातले पुरुष टिनाचं म्हणत होते. टिनाखाली भाजी शिजते, असं म्हणून गटाच्या वनिताताईंनी बांबूचं ठरवलं. गावच्या बैठकीत बायकांचं पहिल्यांदाच कुणी ऐकलं होतं.

"बांबूचं करा," वनिताताईंचे यजमान हसून म्हणाले होते. "एका सालात भुंगे खातीन. मंग आम्ही टिन टाकू, अन् पुढच्या बैठकीत तुम्ही चहा करा."

म्हणजे शेड टिकलं नाही तर काय जाणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम तर रोज टाकीपाशी जाऊन बांबूंना दम द्यायच्या. "नाक कापू नका रे माहं."

बांबू तयार होऊन वाळले, गावात पोचले. उभारणीच्या सकाळी आम्ही दोघी गेलो. बांबू ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला झेंडूचं फूल बांधलेलं, आणि सगळे लख्ख. नको इतके लख्ख.

वनिताताई पदर खोचून पुढे आल्या. "मॅडम, केवढी बुरशी चढली होती वं बांबूले! पांढरी पांढरी! आता पूजा कराची तं अशी कशी कराची? सगळ्या बायकांनी मिळून घासले. आतूनही मोटारीचा पाइप लावून धुतले. पाहा, कसे चकचक करून राह्यले!"

ती बुरशी नव्हती. वाळल्यावर वर आलेलं औषध होतं ते. पाण्यात विरघळणारं.

मॅडमनी वाकून एका बांबूच्या पोकळीत बोट फिरवून पाहिलं. मी त्यांना गप्प झालेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. कडुनिंबाखाली बसलेल्या पुरुषांना काहीतरी बिनसल्याचं लगेच कळलं. "काय झालं? भुंगे आजच आले का?" यजमानांनी विचारलं.

वनिताताईंचा चेहरा उतरला. "चुकलं का मॅडम आमचं?"

"तुमचं काऊन चुकन? मीच सांगतलं नाई. पांढरं दिसलं की धुवाचं, हेच तं आपल्याले घरी शिकवते." मग त्यांनी एक बांबू वाजवला. कान लावला. मान हलवली. "हे वाजवून नाई कळणार. पोरी, हळद काढ."

आमच्या पिशवीत हळदीची बाटली असायची. स्पिरिटमध्ये मुरवलेली साधी हळद. बांबूच्या कापलेल्या टोकाला ती लावायची, वाळली की वरून थोडं ॲसिड. औषध असेल तिथे हळद लाल होते. नसेल तिथे पिवळीच राहते.

"हळद लावाची आहे?" एक आजी पुढे सरसावल्या. "मंग अशी मुकाट्यानं लावते का कोनी? गाणं नको?"

आणि मग जे झालं ते कुठल्याही प्रयोगशाळेत झालं नसेल. करवतीनं प्रत्येक बांबूच्या टोकाची चकती कापली. बायका गोल बसल्या. चकत्यांना हळद लावत त्यांनी नवरदेवाच्या हळदीची गाणी धरली. एका चकतीचं नाव तर वनिताताईंच्या यजमानांच्या नावावरूनच ठेवलं. "हा पाहा, आतापासूनच वाकडा!" कडुनिंबाखाली हशा झाला. मॅडमही हसल्या, पण त्यांची नजर चकत्यांवरून हलत नव्हती.

मी हातमोजे घातले आणि पहिल्या चकतीवर ॲसिडचे थेंब सोडले.

पिवळी. आम्ही वाकून पाहत राहिलो. पिवळीच. गाणं थांबलं. एक कोंबडी मधून चालत गेली, तिलाही कुणी हाकललं नाही.

मग आतल्या कडेला, पोकळीला लागून, एक बारीक विटकरी रेघ उमटली. ती बाहेर पसरत गेली. केशरी, मग कुंकवासारखी. फक्त सालीलगतची कड पिवळी राहिली.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. सांग.

"लाल झाली!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. मग थांबलेच नाही. वरचं औषध धुतलं गेलं, पण पडदे फोडल्यामुळे आतलं मुरलेलं आहे. पाइप थोडाच वेळ लावला म्हणून ते शाबूत आहे. हे सगळं मी कडुनिंबापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

पुढच्या चकत्या एकेक लाल होत गेल्या. काही पिवळ्याच राहिल्या. त्या बांबूंत पाइप विसरून बायका चहाला गेल्या होत्या.

"ह्या नवरदेवाचं लगन मोडलं," आजींनी जाहीर केलं. लगन मोडलेले सगळे नवरदेव ट्रॅक्टरवर घालून पुन्हा टाकीत बुडवायला पाठवले. ट्रॅक्टर यजमानांनीच चालवला. "आता धुवू नका म्हणा त्याहीले," जाताना ते बायकोला म्हणाले.

शेड उभं राहिलं. त्यावर उन्हाळे गेले, पावसाळे गेले. खाली पीठ पडलं नाही. आता पाहुणे आले की यजमान स्वतः त्यांना शेड दाखवतात. "आमच्या गटाचं आहे," म्हणतात. बैठकीत चहा आळीपाळीनं होतो.

मॅडम आता इथे नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला, लेक त्यांना भोपाळला घेऊन गेली. केंद्र मी सांभाळते. सळई घालते, 'फट' आवाज ऐकते, आणि कुणी पाहत नाही ना हे बघून "फुटला!" म्हणते.

परवा त्या शेडमध्ये गेले होते. बायका सांभाराच्या जुड्या बांधत होत्या. मॅडमचा फोन आला.

"कुठं आहे वं? शेडात? मंग वाजव न. मले ऐकू दे."

मी फोन खांबाला लावला आणि टकटक केली.

"पुन्हा."

पुन्हा केली. बायकांचे हात थांबले होते.

"पक्का आहे," पलीकडून आवाज आला. "आता तू बोल. काय चाललं?"

मी मान हलवली. मग आठवलं.

"मले तुमची आठवण येते," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पलीकडे खुर्ची सरकली. मग टक, टक. कशावर तरी बोटं वाजत होती.

"ऐकलं? लेकीचं डायनिंग टेबल. प्लायवूड आहे, बाप्पा. सकाळपासून मी वाजवून राह्यली, एक शब्द बोलत नाई माह्याशी."