पावसच्या चढावर भाताविना

चाळिशीत मी रत्नागिरीहून सायकलने गोव्याला जायचं ठरवलं. भात आणि साखर सोडून तूप, अंडी, खोबरं खाल्लं की दम टिकतो, असं कुठेतरी वाचलं होतं. तसं खाणं सुरू केलं आणि सरावाला पावसच्या वाटेला लागलो. चढावर पायांतलं बळच गेलं. सायकल ढकलत कसाबसा थोरल्या बहिणीच्या अंगणात पोचलो. तिने माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही. काय खाल्लंस?"

"खोबरं आणि तूप."

"म्हणजे जेवला नाहीस."

तिने भाताची पेज आणि लोणचं पुढ्यात ठेवलं. शरीराला चरबी जाळायची सवय कशी लागते, हे तिला समजावत मी वाडगा रिकामा केला.

"घरी सांगू नकोस," मी म्हटलं.

"तुझ्या बायकोला मघाशीच फोन केला. भात लावते म्हणाली."

मी आणखी थोडी पेज मागितली.