पान लागलं

सरकारी दवाखान्यातले जुने केसपेपर ठरावीक मुदतीनंतर जाळावे, असा नियम होता. माझ्या नोकरीत मी तो तीन वेळा पाळला. किश्श्यांना असा नियम नाही. ते साठत जातात आणि माणूस निवृत्त झाला की घरच्यांना छळायला बाहेर पडतात. आमच्या घरात "आता त्या पुण्याच्या डॉक्टरचं पुन्हा नको" असा ठरावच झालेला आहे, म्हणून तुम्हाला सांगतो.

दवाखाना वडसा आणि नागभीडच्या दरम्यान कुठेतरी होता. गावाचं नाव सांगत नाही. इमारत अजून उभी आहे आणि तिने माझं काही वाईट केलेलं नाही. मी तिथे कारकून. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि राज्याची हद्द हलली तसे कधी नागपूरही न पाहिलेले डॉक्टर आमच्याकडे येऊन पडू लागले. त्यांतले एक डॉ. आपटे. नवेकोरे एम.बी.बी.एस. धानाची रोवणी चालू असताना आले, ट्रंकेत दोन सदरे आणि बाकी सगळी पुस्तकं घेऊन.

त्यांनी आमच्याकडे सहा महिने काढायचे. शेवटी मोठे डॉक्टर सबनीस यांनी अहवालात एक वाक्य लिहायचं : "उमेदवार तातडीचे रुग्ण एकट्याने हाताळू शकतो." वाक्य मिळालं की नोकरी पक्की. नाही मिळालं तर आणखी सहा महिने, तेही सबनीसांच्याच हाताखाली. आधीच्या तिघांना त्यांनी ते दिलं नव्हतं. एकाला तर केवळ तो त्यांच्याआधी खुर्चीवर बसला म्हणून.

पहिल्या दिवशी आपट्यांनी सगळा दवाखाना पाहिला. तीन खोल्या आणि एक ओसरी, त्यामुळे वेळ लागला नाही. मग कवडूभाऊला विचारलं, "इमर्जन्सी कुठे आहे?"

कवडूभाऊ आमचा ड्रेसर. वीस वर्षं जखमा बांधत होता. त्याने रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आली नाई जी अजून. आली का सांगतो."

*

ती आठवड्याभरात आली, पण तिने सांगितलं नाही.

सकाळची ओपीडी होती. सर्दी, खोकला, खरूज, अशी रांग सरकत होती. सोळावा नंबर एका गोंड शेतकऱ्याचा. तोंडाला धोतर गुंडाळलेलं. आपट्यांनी मान वर न करता "काय होतंय?" विचारलं. त्याने धोतर सोडलं. जंगलात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणायला गेला होता. अस्वलाने अर्धा गाल उतरवला होता. नऊ मैल चालत आला होता आणि दीड तास रांगेत उभा होता.

"आधी का नाही सांगितलंस?" आपटे ओरडले.

"लाइन होती ना जी," तो म्हणाला.

गाल पूर्ण दिसला तसे आपटे खुर्चीवरून घसरून खाली बसले आणि मग आडवे झाले. कवडूभाऊने दोघांना ओसरीच्या एकाच बाकावर घेतलं. शेतकऱ्याच्या गालावर कापड दाबलं, साहेबाच्या तोंडावर पाणी मारलं. शेतकरी सरकून साहेबाला जागा करून देत होता.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं : तातडीचे रुग्ण, दोन.

एक मात्र झालं. शुद्धीवर आल्यावर आपट्यांनी तो गाल स्वतः शिवला. आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर बसण्याआधी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येकाचं तोंड पाहायला लागले. हे त्यांच्या ट्रंकेतल्या पुस्तकांत नव्हतं.

*

पंधरा दिवसांनी रोवणीतून एक बाई नवऱ्याला बैलबंडीवर घालून घेऊन आली. दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलात. सबनीस चांद्याला मीटिंगला गेले होते. आपटे एकटे.

"पान लागलं जी याले," बाई म्हणाली.

आपट्यांना हायसं वाटलं. पुण्यात सुपारी लागते, तंबाखू लागते, तसं इथे पान लागत असेल. "तंबाखूचं होतं का?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं नाई जी. गवतात होतं."

"गवतातलं पान कशाला घ्यायचं?" आपट्यांनी लिंबाचं सरबत मागवलं आणि तंबाखूच्या दुष्परिणामांवर बोलायला लागले. काळीज, रक्तवाहिन्या, संसार, मुलंबाळं. बाई मान हलवत होती. साहेब बोलतो म्हणजे उपचार चालू आहे, असा तिचा समज. शेवटी त्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच लागलं का?"

"पहिल्यांदाच," बाई म्हणाली. "दुसऱ्यांदा लागाले कोन वाचते जी?"

तेवढ्यात कवडूभाऊ आला. त्याने चिखल पुसला. घोट्यावर दोन दात आणि पोटरीला करकचून बांधलेली दोरी. "साहेब," तो हळूच म्हणाला, "पान म्हंजे साप. रोवणीत त्याचं नाव नाई घेत."

विषावरच्या इंजेक्शनच्या दोन कुप्या माझ्या खोलीतल्या कपाटात होत्या. किल्ली माझ्याकडे. आपट्यांनी घाईत चिठ्ठी पाठवली आणि कारणाच्या रकान्यात, नुकतंच शिकलेलं असल्यामुळे, लिहिलं : "पान लागणे."

आता माझी करामत ऐका. मी ती चिठ्ठी परत पाठवली. वर शेरा : "या नावाचा रोग मंजूर यादीत नाही. खुलासा व्हावा."

खुलासा कवडूभाऊ घेऊन आला. त्याच्या हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड होती. मी चष्मा शोधेपर्यंत कपाटाचा कडीकोयंडा जमिनीवर होता.

माणूस वाचला. पाचव्या दिवशी चालत घरी गेला. त्या शेऱ्याला माझी सही होती, आणि तो कागद मी जाळलेल्या कागदांत मुद्दाम घातला, हेही सांगून टाकतो.

सबनीस परत आले. रोगी त्यांनी पाहिला नाही, कपाट पाहिलं. "साप येतात आणि जातात," ते आपट्यांना म्हणाले. "कपाट सरकारचं आहे." मग सगळ्यांसमोर विचारलं की इथल्या शेंबड्या पोरालाही पान म्हणजे काय ते कळतं, पुण्यात मराठी शिकवत नाहीत का?

कोयंड्यासाठी मी अकरा पत्रं लिहिली. तोवर कपाट सुतळीने बांधलेलं होतं.

*

आपट्यांनी वही केली. डावीकडे इथला शब्द, उजवीकडे त्यांचा. शिकवायला कवडूभाऊ. "जीव खालवर हून राह्यला" असं रोज कोणीतरी म्हणायचं. आपट्यांनी विचारलं, जीव म्हणजे नेमका कोणता अवयव? कवडूभाऊने विचार करून सांगितलं, "पेशंट जिथी हात ठेवते तिथी." आपट्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे त्या एका ओळीचा त्यांना ट्रंकेपेक्षा जास्त उपयोग झाला.

महिनाभरात ते धीटपणे बोलायला लागले. एका म्हातारीला, 'का'च्या जागी इथला शब्द घालून, झोकात विचारलं, "काऊन आले, बाई?"

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी तं खोकल्यासाठी आलो, बापू. तुमी काऊन आले इतक्या दूर? घरी पटत नाई का?"

*

दिवाळीनंतर एका दुपारी तलावावरून माणसं धावत आली. एकजण बुडाला, काठावर काढून ठेवला आहे. आपटे पळत गेले, मागून कवडूभाऊ. माणूस ओला, निपचित. आपट्यांनी त्याला पालथं केलं, पाठीवर बसले आणि पुस्तकात दाखवल्याप्रमाणे दाब द्यायला लागले. दाबा, सोडा. दाबा, सोडा. गाव गोळा झालं. डॉक्टर मेलेल्या माणसाशी कुस्ती करतो, हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

बाराव्या दाबाला मेलेला माणूस उलटला आणि त्याने आपट्यांच्या कानाखाली वाजवली. "काऊन दाबून राह्यला बे मले?"

तो बुडाला नव्हता. मोहाची दारू पिऊन तलावात आंघोळ करून उन्हात झोपला होता.

परतताना कवडूभाऊ म्हणाला, "साहेब, पुस्तक काढाच्या अगोदर नाडी पाहाव." आपट्यांनी एका हाताने गाल धरला होता, दुसऱ्याने वहीत लिहिलं. सबनीसांना गोष्ट कळली तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी मला बोलावून पुन्हा सांगायला लावली. त्या वाक्याची आशा आम्ही तिथेच सोडली.

*

सहा महिने भरले त्या दिवशी गावाजवळ शंकरपट होता. बैलांच्या शर्यती. सबनीस अध्यक्ष. सकाळी निघताना त्यांनी मला अहवालाचा शेरा सांगून ठेवला : "उमेदवार उत्साही आहे. कुलपांपासून दूर ठेवावा." आल्यावर सही करतो म्हणाले. ते वाक्य नाहीच. आपट्यांना मी काही बोललो नाही, पण ट्रंक भरावी की नाही हे विचारायला ते दोनदा माझ्या खोलीपर्यंत येऊन परत गेले.

दुपारी तीनला सबनीसांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, दारात थांबली. ते उतरले ते खांब धरूनच. तोंड पांढरं, सदरा घामाने भिजलेला. कसेबसे ओसरीच्या बाकापर्यंत आले.

"पान," ते म्हणाले. "पान लागलं." आणि बाकावर कलंडले.

कवडूभाऊने सुतळी कापली, कुपी काढली, आणि कोणता पाय ते ठाऊक नसल्यामुळे सबनीसांचे दोन्ही पाय दुपट्ट्याने आवळले. मी चिठ्ठी मागितली नाही. माणूस अनुभवाने शहाणा होतो, विशेषतः रोगी वरिष्ठ असेल तर.

आपटे मात्र धावले नाहीत. त्यांनी आधी नाडी पाहिली. मग बूट काढले, मोजे काढले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत दोन्ही पाय पाहिले. हात पाहिले. कवडूभाऊ सुई भरून उभा होता. रांगेतले रोगी रांग मोडून बघत होते. आपट्यांनी सबनीसांची हनुवटी धरली, तोंड उघडलं आणि आत वास घेतला.

"सुई ठेवा," ते म्हणाले. "विष नसताना हे दिलं तर हेच जीव घेईल."

"साहेब, मोठे साहेब सोता म्हणले ना, पान लागलं म्हून!"

"कवडूभाऊ," आपटे म्हणाले, "हे पुण्याचं पान आहे."

पटाच्या मंडळींनी अध्यक्षांना मानाचा विडा दिला होता. तंबाखू सढळ हाताने. एरवी पान न खाणाऱ्या सबनीसांनी तो मानाखातर सगळा गिळला होता.

दुपट्टा सोडला. ओकारी झाली. पाऊण तासाने रंग परतला. मग लिंबाचं सरबत आलं, आणि आपट्यांनी, भर ओसरीत, तंबाखूच्या दुष्परिणामांवर सांगायला सुरुवात केली. काळीज, रक्तवाहिन्या, संसार, मुलंबाळं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सबनीस मान हलवत होते.

मी रजिस्टर आणि अहवाल दोन्ही घेऊन गेलो. "साहेब, तातडीचा रुग्ण म्हणून नोंद करावी लागेल. कारण काय लिहू?"

सबनीसांनी आपट्यांकडे पाहिलं. आपटे छताची कौलं पाहत होते. सबनीसांनी माझ्या हातून अहवाल ओढला, खिशातलं पेन काढलं, सकाळचा शेरा खोडून ते वाक्य स्वतःच्या अक्षरात पूर्ण लिहिलं आणि खाली सही केली.

मग रजिस्टर माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पान लागलं. एवढंच लिही."