भायांचं पिस्तूल आणि माझी खळ

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि कोंबडीच्या पायांसारखं अक्षर कुणाच्या नजरेला पडलंच, तर त्यांनी माफ करावं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं हातात पेन कमी आणि सुई जास्त राहिली. पण एक गोष्ट मी ठासून लिहिते. आमच्या अख्ख्या बीड जिल्ह्यात परवान्याचं पिस्तूल बाळगून ज्याला गल्लीतलं कुत्रंसुद्धा भ्यालं नाही, असा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे माझे भाया.

भाया म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरात भावजय भायांशी बोलत नाही. डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढायचा आणि बाजूला व्हायचं. मी मुळात बुजरी, त्यामुळं मला ही रीत सोयीचीच वाटली. पण एका अंगणात दोन चुली आणि तोंडाला कुलूप, असं किती दिवस चालणार? भायांनी त्यावर ओसरीचा खांब शोधून काढला. मला काही सांगायचं असलं की ते खांबाकडं बघून बोलायचे. "खांबा, आज कालवणात मीठ टाकायचं राहिलंय." मीही आतून उत्तर द्यायची, "खांबा, पुडा संपला म्हणावं." बावीस वर्षं असं चाललं. जाऊबाई म्हणायच्या, "बाई, त्या खांबाला एकदा ताट वाढा. घरात त्याच्याएवढं कुणी राबत न्हाई."

भाया गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नांदूरघाटापासून मेंढरंवाले त्यांना डॉक्टरच म्हणायचे, कारण त्यांचा हात. कोकराला सुई टोचून झाली तरी मालक विचारायचा, "डॉक्टर, टोचताय ना?" संभाजीनगरला बदली होती तेव्हा तिथल्या रेंजवर त्यांना नेमबाजीचा नाद लागला, आणि निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एका जुन्या नेमबाजाचं वापरलेलं पिस्तूल रीतसर कागद करून घेतलं. गावात बातमी फिरली आणि पोरं फोटो काढायला गोळा झाली. भायांनी पेटी उघडली. आत लांबुडकी बारीक नळी आणि मागं उखळाएवढी लाकडी मूठ. एकजण म्हणाला, "हे कसलं पिस्तूल बे? शिलाई मशिनीचा तुकडा वाटायलाय." पोरं हिरमुसून गेली. मग एका पुढाऱ्याचा माणूस आला. "डॉक्टर, प्रचाराच्या गाडीत नुसतं बसा. कंबरला एवढं दिसलं की बास." भायांनी त्याच्यासमोर ते रिकामं पिस्तूल कमरेला खोचून दाखवलं. मूठ पट्ट्यात जाईना. "बघा, जातच न्हाई," ते म्हणाले. "नेमाचं पिस्तूल कंबरला जात नसतं." निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करावं लागायचं. त्यासाठी मी जुन्या लुगड्याची गोधडीसारखी पिशवी शिवून दिली होती. जमा करून आले की दोन महिने भाया लेक सासरी गेल्यासारखे अंगणात फिरायचे.

गावात त्या पिस्तुलातून एकही गोळी सुटली नाही. गोळ्या फक्त रेंजवर, महिन्यातून एका रविवारी. घरी रोज सकाळी रिकाम्या पिस्तुलाचा सराव. आधी ते खोलून खांबाला दाखवायचं, "बघ, रिकामं हाय," मग समोरच्या भिंतीवरच्या चुन्याच्या टिपक्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. टिक. तेवढाच आवाज. ते टिक ऐकून गल्लीतल्या बाया दूध काढायला उठायच्या. रिकामं असूनही कुणी समोरून गेलेलं त्यांना चालायचं नाही. जाऊबाई झाडू घेऊन भिंतीशी अडकून पडायच्या. "कावून थांबवता हो मला? रिकामंच हाय ना?" "रिकाम्यालाच जास्त भ्यावं," भाया म्हणायचे. नंतर ते त्याला मऊ फडक्यानं तेल लावायचे. जाऊबाईंचं म्हणणं, यांनी पोटच्या पोरांची टाळू कधी भरली नाही, ती सगळी हौस आता फिटतेय.

पिस्तुलाचे गुण-अवगुण मला खांबाकडून कळत गेले. त्यात पाच गोळ्या बसतात. एक सुटली की दुसरी आपोआप पुढं येते, पण स्वस्तातली गोळी त्याला चालत नाही, रिकामं टरफल दारातच उभं अडकतं. "जावयासारखं हाय, खांबा. हलकं वाढलं की रुसतं." धक्का मात्र नाहीच, पाठीवर हात ठेवल्याएवढा. मग सुधारणा सुरू झाल्या. आधी अक्रोडाच्या लाकडाची आणखी मोठी मूठ आली. भायांनी ती तीन महिने कानशीनं घासली, कुठं जास्त गेलं तिथं लाकडाची पुट्टी भरली, पुन्हा घासली. मग चाप हलका करून आणला. मग नळीखाली बसवायचं लोखंडी वजन आलं. दर वेळी भाया खांबाला सांगायचे, "आता बघ मजा." आमचे हे हसून म्हणायचे, "दादा, शेवटी जुनं काय राहणार त्याच्यात?" "मी," भाया म्हणायचे.

त्या पिस्तुलात माझाही एक वाटा होता. रेंजवरचे नेमाचे कागद भाया फेकत नसत, घरी आणायचे. मी कणकेची खळ शिजवायची आणि प्रत्येक भोकाला मागून कागदाचं ठिगळ लावायची, म्हणजे कागद पुन्हा चालायचा. मला गोधड्यांची सवय, ठिगळ लावायला काय! कागदावर गोल असतात आणि गोलात आकडे. मधला दहाचा. तेवढं मला वाचता येतं. पहिल्या वर्षी सगळी भोकं मध्ये, कोंबडीनं एकाच जागी दाणे टिपावेत तशी. एका ठिगळात पाच झाकायची. मग दोन ठिगळं लागू लागली, मग चार. नंतर भोकं काळ्या गोलाच्या बाहेर पडली, मूठभर जोंधळा वाऱ्यावर उधळावा तशी. त्याच दिवसांत भायांचा चहा अर्धा कप झाला. भरलेला कप बशीवर वाजायचा. तेव्हा मला मागचं सगळं उलगडलं. मोठी मूठ, हलका चाप, खालचं वजन, यातली एकही सुधारणा पिस्तुलासाठी नव्हती.

मी कुणाला बोलले नाही. जास्त वाईट कागद असले की चुलीत घालायची आणि आतून सांगायची, "खांबा, खळीच्या वासानं उंदरांनी कागद खाल्ले म्हणावं." एकदा भायांनी उरलेले कागद मोजले. मग म्हणाले, "खांबा, आपल्या घरचे उंदीर लई हुशार. वाईटच कागद तेवढे खातेत."

गेल्या वर्षी परवाना नवा करायची वेळ जवळ आली. भायांनी आमच्या ह्यांना सांगितलं, "या हिवाळ्यात वयस्करांच्या सामन्यात नेम राहिला, तर पिस्तूल ठेवीन. न्हाईतर देऊन टाकीन. नेम गेलेल्याच्या घरात हत्यार शोभत न्हाई." दोष त्यांनी डोळ्यांना दिला. नळीच्या टोकावरची नेम धरायची जुनी माशी अंधुक दिसते, तिच्या जागी लाल ठिपक्याची काच बसवली की ठिपका ठेवायचा आणि चाप ओढायचा, बस्स. अठरा हजारांची काच. जाऊबाईंचा गुडघा तेव्हा ऑपरेशनला आलेला. त्या म्हणाल्या, "मी लंगडत मरते, तुमी ठिपके बघा." भायांनी पुन्हा विषय काढला नाही. सरावाचं टिकसुद्धा कमी झालं.

माझ्याकडं गोधड्यांचे साठवलेले पैसे होते. ठिगळं लावलेल्या कागदांच्या घडीत मी अठरा हजार ठेवले आणि घडी ओसरीवर ठेवून आत पळाले. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. "खांबा, हे उसनं हाय. पै न् पै फेडीन, सांग."

काच आली. बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत टिकची वाट बघत होते. टिक आलंच नाही. दारातून बघितलं तर भाया पिस्तूल रोखून उभे, आणि मग त्यांनी हात सावकाश खाली घेतला. त्यांनीच पुढं सांगितलं, जुन्या माशीत जे अंधुक होतं ते त्या काचेत लख्ख दिसत होतं. ठिपका भिंतभर नाचत होता, एक क्षण थांबत नव्हता.

भायांनी मान वळवली. खांबाकडं नाही, माझ्याकडं. "डोळ्याचं न्हाई हो," ते म्हणाले. "हाताचं हाय."

पदर ओढायचंही मला सुचलं नाही. मी म्हणाले, "मला ठाऊक हाय."

"कवापासनं?"

"उंदरांपासनं."

भाया हसले. पिस्तूल पेटीत ठेवताना त्यांना झाकण लवकर लागेना, ते मी लावून दिलं. माझ्या तव्यावरची भाकरी जळाली. मला राहून राहून वाटत होतं, माझ्याच पैशांनी त्यांना हे दाखवलं. ती काच आली नसती तर आणखी एक हिवाळा त्यांनी डोळ्यांना दोष देत काढला असता.

सामन्याला ते गेले नाहीत. रेंजवर एक कॉलेजातली मुलगी होती, तिच्या नावावर रीतसर कागद करून पिस्तूल दिलं, काचेसकट. तिला म्हणाले, "मूठ तेवढी बदल, बाई. ती माझ्या हाताच्या मापाची हाय." पिशवी तिलाच देऊन आले. पिस्तुलाच्या आलेल्या पैशातून जाऊबाईंचा गुडघा झाला. आता त्या भिंतीशी न अडकता झाडतात आणि अधूनमधून चुन्याच्या टिपक्यापुढं उगीच थांबतात.

माझे पैसे भायांनी पेन्शनीतून फेडायला काढले. महिन्याला तीन हजार. पेन्शन झाली की ते माझ्या दाराशी यायचे, नोटा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोजा." मी मोजायची. तेवढ्या वेळात ते काहीबाही बोलायचे. कुणाची शेळी व्याली, त्या मुलीला जिल्ह्यात पदक मिळालं, औषधाच्या गोळ्यांनी हात जरा बरा आहे. मी पण बोलायची. माझं मलाच नवल वाटायचं. मी नोटा फार हळू मोजायला शिकले.

परवा सहावा हप्ता आला. मी मोजला. पैसे पुरे होते. "फिटलं," भाया म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. मी मान हलवली आणि नोटा पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतल्या. पुरेच होते.